दहापर्यंत

मंगळवारी सव्वादहाला, कुताईसीच्या जुन्या पॉलिक्लिनिकच्या
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कधीचीच बंद म्हणून,
आधी ग्रामितोनची धाप वर येते, मग ग्रामितोन,
मग त्याच्या कोटाचं टोक धरून एरेकले.
वय पाच वर्षं दोन महिने.
ऐकू येतं. शब्द शून्य.

म्हातारा तामादा आहे. पाच गावांच्या लग्नांत
पेला उचलून पहिलं बोलणं त्याचं :
गेलेल्यांसाठी, येणाऱ्यांसाठी, वाटेत अडकलेल्यांसाठी,
आणि ते संपेपर्यंत कुणी घोट घेत नाही.
"आमच्या घराण्यात कुणाच्याच जिभेला हाड नाही," तो म्हणतो,
"याच्याच जिभेला कुठून आलं?"

मी पोराला विचारते
आणि उत्तर आजोबा देतो.
याला सफरचंद आवडतं. याला गार वाजतंय.
याला ती लाल गाडी हवीय बघ.
पोराची नजर गाडीवर पोचायच्या आत
गाडी पोराच्या हातात.

सोळा वर्षं या तडकलेल्या आरशासमोर
मी मुलांच्या जिभा वर उचलल्या, खाली ठेवल्या,
नळीतून कापसाचे बोळे फुंकून घेतले.
हा का बोलत नाही, मला ठाऊक नाही.
कागदावरही तसंच लिहिलंय.
एवढंच दिसतं की त्याच्याभोवती
शब्द ठेवायला जागा उरलेली नाही.

"गृहपाठ तुम्हाला," मी म्हटलं.
"काहीही विचारा, आणि दहापर्यंत मोजा.
मनात. ओठ न हलवता."
"तामादाला गप्प बसवतेस, पोरी?"
"हो."

पहिल्या आठवड्यात तो तीनपर्यंत गेला.
दुसऱ्यात चार. चारानंतर म्हणे छातीत कळ येते.
बाजारात मध विकतानाही त्याचं हेच :
बोलणाऱ्याची माती खपते, मुली,
न बोलणाऱ्याचे गहू पोत्यात कुजतात.
आणि हे सांगताना त्यानं पोराकडे पाहिलं नाही.

एकदा मी साबणाचे फुगे उडवले, एकदाच,
बाटलीचं झाकण घट्ट फिरवून
बाटली एरेकलेसमोर ठेवली.
खिडकीखाली वितळल्या बर्फानं फुगलेली रिओनी.
गुडघ्यांवर म्हाताऱ्याच्या मुठी.
पोर झाकणाकडे. माझ्याकडे. झाकणाकडे.
सात. आठ.
"अगं उघड ना ते!" ग्रामितोन ओरडला.
आम्ही हसलो. पोरही हसलं, आवाजाशिवाय.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी
तो दारातच उभा राहिला, टोपी हातात.
पेट्या उघडायच्या होत्या, त्यानं सांगितलं,
याला विचारलं, जाळी घालू का तोंडावर?
दहा मोजले. काही नाही.
"दहाच्या पुढं काय करायचं
ते तू सांगितलं नव्हतंस.
म्हणून तसाच उभा राहिलो."
एक माशी बाहीवरून चालत कोपरापर्यंत गेली, परत आली.
मग पोर म्हणालं : "आरा."
म्हणजे आमच्या भाषेत नाही.

एवढंच. आई नाही, बाप नाही, मध नाही.
नाही.

त्या रात्री जेवायला तिघंच होते :
तो, सून लामारा, आणि दुधाचा पेला पुढ्यात घेतलेला हा.
ग्रामितोन उठला. पाव तासाच्या आत
आयुष्यात कधी न आटपलेला माणूस,
पेला उंच धरून म्हणाला, "आरा."
प्याला, आणि खाली बसला.

नोंदवहीत शब्दांच्या रकान्यात मी एक लिहिलं.
कुणी ऐकला? आजोबा. शेजारी : मधमाश्या.
वरिष्ठ हे खोडतील.

आज खोलीत पोर पुन्हा गप्प.
झाकण मी घट्ट फिरवलंय.
म्हाताऱ्याचे ओठ मिटलेले, नुसती मिशी थरथरतेय.
नऊ. दहा. अकरा.
खाली रिओनी एकटीच बडबडतेय,
तिला कोण गृहपाठ देणार.